गाडी पाण्यात गेली होती का?

वसई तालुक्यात एक प्रश्न असा आहे, ज्याचं खरं उत्तर कुणी देत नाही. वय विचारा, पगार विचारा, सुनेशी पटतं का तेही विचारा. माणूस आढेवेढे घेईल, पण शेवटी सांगेल. ‘तुमची गाडी पुरात बुडाली होती का?’ असं विचारलंत की मात्र उत्तर ठरलेलं. ‘छे हो! आमच्याकडे पाणी आलंच नव्हतं.’ अठरा सालच्या जुलैत सोसायट्यांच्या आवारात गाड्यांची नुसती टपं दिसत होती, आणि तरीही आज चौकशी कराल तर एकही गाडी भिजलेली निघणार नाही. भिजलेली म्हटली की घ्यायला आलेला माणूस चहासुद्धा न पिता उठतो, हे त्यामागचं साधं कारण.

निर्मळच्या केयूर राऊतनेही पाच वर्षं हेच उत्तर दिलं, आणि त्या उत्तरापायी त्याच्या मुलीचा बारावीचा पहिला पेपर अडचणीत आला. तो पार पडला तो तुळिंजच्या श्रीरंग सुर्व्यांमुळे. केयूर आजही त्यांचं नाव निघालं की हात जोडतो. गाडी चालवत असला तर नुसती मान लववतो, कारण बायको शेजारी बसलेली असते आणि स्टिअरिंग सोडलेलं तिला चालत नाही.

केयूरची केळीची आणि फुलांची वाडी आहे. राजेळी, वेलची, थोडा चाफा, थोडी तगर. पण व्हॅन त्याने केळ्यांसाठी घेतली नव्हती. ती ओवीसाठी घेतली. ओवीचे पाय जन्मापासून साथ देत नाहीत आणि पाठीलाही आधार लागतो. तिची बॅटरीवर चालणारी खुर्ची तिच्या अंगाच्या मापाने बनवलेली आहे. ती खुर्ची रिक्षात शिरत नाही, साध्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. म्हणून केयूरने जुनी पांढरी व्हॅन शोधली, मागची सीट काढली आणि गावातल्या धर्मा मेकॅनिकला हाताशी धरून खडबडीत पत्र्याचा रॅम्प बसवला. मागचं दार उघडायचं, रॅम्प खाली टाकायचा, आणि ओवी आपली आपण आत. पहिल्या दिवशी ती सात वेळा आत गेली आणि सात वेळा बाहेर आली. विनिताने, म्हणजे तिच्या आईने, शेवटी ओरडून तिला जेवायला बोलावलं.

दहावीच्या पहिल्या पेपरला नेमकी रॅम्पची बिजागरी अडकली. केंद्राच्या दारात दोन चुलतभावांनी ओवीला हातांवर उचललं आणि सगळ्या मुलांच्या देखत पोत्यासारखं आत नेलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, वाईट कोण म्हणेल? पण ओवी घरी आल्यावर जेवली नाही. रात्री एवढंच म्हणाली, “बाबा, बारावीला मला कुणी उचलायचं नाही.” केयूरने तिला तसा शब्द दिला.

आणि बारावीच्या पहिल्या पेपरला सहा दिवस उरले असताना व्हॅनखाली हिरव्या पाण्याचं थारोळं साचलं.

धर्माने खाली वाकून बघितलं. “वॉटर पंप गेला, भाऊ. इंजिनातनं पानी फिरवतो ना, तो. सगलं पानी खाली येतंय. अशी चालवलीस तर इंजिनच जाईल. पंप आन, दोन तासांचं काम.”

दोन तासांचं काम तीन दिवस चाललं. केयूरने गाडीच्या कागदांवरचं मॉडेल आणि वर्ष सांगून वसईतून पंप आणला. बोल्टांची भोकं जुळेनात. दुकानदार म्हणाला, कंपनीने ह्या व्हॅनला दोन प्रकारची इंजिनं बसवली होती, तुमचं दुसरं असणार. दुसऱ्या प्रकारचा पंप आणला. बोल्ट बसले, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग धर्माने पट्टा चढवून बघितला. पंपाची पुली बोटभर पुढे येत होती. तसा चालवला असता तर पट्टा पहिल्या वळणावर निसटला असता. धर्माने दोन्ही पंप शेजारी शेजारी ठेवले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “ही गाडी आपल्याला वेडं करनार. तुलिंजला सुर्वेकाका आहेत, त्यांच्याकडं जा. तिरसट मानूस आहे, पन त्यांच्याकडनं आनलेला भाग मला कधी परत करावा लागला नाय.”

शनिवारी सकाळी केयूर नालासोपाऱ्यात तुळिंजला पोचला. भाजीबाजाराच्या पुढे एका गल्लीत आठ फुटांचं दुकान, आत छतापर्यंत खोकी, आणि काउंटरमागे पासष्टीचा, बारीक अंगाचा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला. श्रीरंग सुर्वे मूळचे संगमेश्वरकडचे. ऑपेरा हाऊसच्या एका पेढीवर त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांचे भाग विकले. पेढी बंद झाल्यावर राहत्या घराजवळ हे दुकान थाटलं. गिऱ्हाईक आलं की ते आधी नकार देत. हा त्यांचा स्वभावच होता, त्याला काही इलाज नव्हता.

केयूरने गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष सगळं एका दमात सांगितलं. काकांनी हात वर केला.

“मला गाडीचं नाव नको. इंजिनावर ठोकलेला नंबर सांगा.”

“कागदावर आहे ना, हा बघा.”

“कागदावरचा नको. इंजिनावरचा.”

“दोन्ही एकच असणार की, काका.”

“असणार?” काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि केयूरकडे नीट बघितलं. “दोन पंप बसले नाहीत म्हणता. मग ते इंजिन ह्या कागदातलं कशावरून? गाडी पाण्यात गेली होती का?”

“छे हो! आमच्याकडे पाणी आलंच नव्हतं.”

हे उत्तर त्याच्या तोंडून निघालं कसं, हे केयूरला आजही कळत नाही. खरं त्याला ठाऊक होतं. विकणाऱ्याने हळूच सांगितलं होतं, गाडी पुरात होती, म्हणून तर एवढी स्वस्त मिळते आहे. इंजिन मात्र दुरुस्त केलंय, बिनघोर घ्या. केयूरने घेतली, आणि घरी सांगितलं की गाडी एका म्हाताऱ्या मास्तरांची, फक्त रविवारी निघायची. मास्तर त्याने जागच्या जागी जन्माला घातले होते. बायकोने एवढ्या विश्वासाने त्या रॅम्पवरून पोरीला आत चढवलं, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की आपण बुडालेली गाडी आणली? एकदा सांगितलं नाही ते राहूनच गेलं.

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. उलट विचारलं, “घाई कसली आहे?” केयूरने ओवीचं सांगितलं. खुर्चीचं, रॅम्पचं, दहावीच्या वेळचं, मंगळवारच्या पेपरचं. काका उठले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्या भांडीवाल्याला ‘लक्ष ठेव रे’ म्हणाले आणि केयूरच्या स्कूटरवर मागे बसले. शनिवार सकाळ म्हणजे त्यांच्या आठवड्यातली सगळ्यात गर्दीची वेळ. तिरसट म्हणतात त्या माणसाने ती अशी एका अनोळखी पोरीपायी सोडून दिली.

निर्मळला अंगणात व्हॅन बॉनेट उघडून उभी होती. धर्मा, विनिता, खुर्चीत ओवी, सगळे जमले. काकांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. ते आधी व्हॅनच्या आत शिरले, पुढच्या सीटच्या रुळाखाली बोट घातलं आणि ते उन्हात धरलं. बोटाच्या टोकाला पिवळसर, वाळलेला, पिठासारखा गाळ होता.

“धुणारे सगळं धुतात,” ते म्हणाले, “पण इथवर कुणाचा हात पोचत नाही. राऊत, पुन्हा विचारतो. ही पाण्यात गेली होती का? मी गाडी विकत घ्यायला आलेलो नाही. गेली असेल तर इंजिन बदललेलं असणार, आणि तसं असेल तर मी दुसरीकडे शोधतो. नसेल, तर मला इथे काही काम नाही.”

केयूरचे कान लाल झाले होते. त्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा जमिनीकडे.

“गेली होती,” विनिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं.

“आणली त्याच दिवशी मी धुतली होती. दारातल्या कप्प्यातून चिखल निघाला, त्यात कुणाच्या तरी घरची चमचाभर डाळ पण होती. मास्तरांनी काय गाडीत वरण शिजवलं?” मग नवऱ्याकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही दोन महिने खपून तो रॅम्प केलात. मी कशाला बोलू?”

पाच वर्षं दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती! ओवी इतकी हसली की खुर्ची हलायला लागली. केयूरला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला तो उगीचच स्टेपनी तपासायला लागला.

आता काका कामाला लागले. इंजिनाचा नंबर असतो त्याच्या अंगावरच ठोकलेला, पण ह्या व्हॅनमध्ये तो खाली गिअरबॉक्सच्या बाजूला, बघायला डोकं काढून आत टाकावं लागेल अशा जागी. काकांनी रॉकेलचा बोळा आणि ब्रश लावून पाच वर्षांचं काळं काजळ काढलं. मग खडू मागितला. ओवीच्या कंपासपेटीत होता. तो त्यांनी चाचपडत त्या जागेवर घासला, म्हणजे खोदलेल्या आकड्यांभोवती पांढरं चढतं. पण बॅटरीच्या उजेडात त्यांना काही वाचता येईना, आणि धर्माचं डोकं तिथे मावेना.

“फोटो काढू?” ओवी म्हणाली.

“फोटोवर माझा विश्वास नाही.”

“मग डोकं कापून आत पाठवा, काका.”

काकांना असं बोलणारं माणूस बहुधा फार वर्षांनी भेटलं असावं. ते बाजूला झाले. ओवीकडे सेल्फी काढायची काठी होती. फळीवरची पुस्तकं ओढण्यापासून पंख्याचं बटण दाबण्यापर्यंत ती काठी तिचा तिसरा हात होती. फोन त्या काठीला लावून तिने तो धर्माकरवी इंजिनाच्या फटीत सोडला. तिसऱ्या फोटोत नंबर आला. खडूमुळे एकेक आकडा उठून दिसत होता.

काकांनी तो फोटो लांब धरून, जवळ धरून, मोठा करून वाचला. कागदावरचा नंबर शेजारी ठेवला. पहिली तीन अक्षरंच वेगळी होती. त्यांचा चेहरा असा उजळला, की हा माणूस आनंदी असताना कसा दिसतो ते सगळ्यांना एकदमच कळलं.

“हे व्हॅनचं इंजिनच नाही! ह्याच कंपनीच्या छोट्या कारचं आहे. वरून अगदी जुळं, म्हणून बसलं आणि चाललं. व्हॅनच्या यादीत जन्मभर शोधलं असतंत तरी ह्याचा पंप मिळाला नसता. पुरानंतर गॅरेजवाल्यांनी हाताला येईल ते इंजिन हाताला येईल त्या गाडीत टाकलं. त्यांचंही खरंय, लोक दारात रांग लावून होते. पण एका शब्दाने कुठे लिहून ठेवलं नाही. पुढच्या माणसाने काय करायचं?” मग केयूरकडे बोट दाखवून, “आणि ओवीची परीक्षा संपली की आरटीओत जाऊन कागदावर हा नंबर चढवून घ्या. आधी ते.”

पंप त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी अंगणातूनच फोन लावला तो रोनाल्डला. रोनाल्ड त्यांचा पेढीवरचा जुना सहकारी, भुईगावचा, अजून ऑपेरा हाऊसला एका दुकानात कामाला. काकांनी त्याला इंजिनाचा नंबर दोनदा सांगितला आणि दोनदा म्हणवून घेतला. संध्याकाळी रोनाल्ड पंप पिशवीत घालून घरी आला, आणि रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर थेट तुळिंजला काकांकडे पोचवून गेला. काकांनी तो उघडून, नंबर ताडून, मगच केयूरच्या हाती दिला. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर लांबीची स्टीलची पट्टीही दिली.

ह्या पट्टीचं सांगायला हवं. काकांच्या पत्नी, यमुनाकाकू, बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात बावीस वर्षं भांड्यांवर नावं घालत. लग्नाचे हंडे, बारशाच्या वाट्या, वास्तुशांतीचे डबे. त्यांच्या हातची ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं अर्ध्या नालासोपाऱ्याच्या स्वयंपाकघरात असतील. पुरानंतर काकांनी ठरवलं की ज्या गाडीतलं इंजिन कागदाशी जुळत नाही, त्या गाडीत तसं लिहून ठेवायचं. पेनाने लिहिलेलं पुसतं, कागद हरवतो, म्हणून काकू भांड्यांवर नावं घालायचं यंत्र हातात घेऊन स्टीलवर कोरून देत. अशा पट्ट्या त्यांनी किती गाड्यांत लावल्या ह्याचा हिशोब दोघांनीही ठेवला नाही. उद्या ती गाडी कुणाच्या दारात बंद पडेल आणि कोण बॉनेट उघडेल, ते त्यांना कधी कळणारही नव्हतं.

रविवारी दुपारी पंप पहिल्या झटक्यात बसला. बोल्ट बसले, पुली सरळ आली, पट्टा चढला. धर्माने इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, खाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठा कोरडाच राहिला. मग त्याने बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी रिव्हेटने ठोकली आणि सवयीप्रमाणे, काही गरज नसताना, तिच्यावर ग्रीसचा हात फिरवला. केयूरने उजेडासाठी बॅटरी धरली होती. ‘इंजिन बदललेले आहे’ आणि खालचा नंबर त्याने वाचला, आणि बॉनेट लावलं.

मंगळवारी सकाळी परीक्षा केंद्राच्या दारात व्हॅन थांबली. केयूरने रॅम्प टाकला आणि बाजूला उभा राहिला. चुलतभाऊ आलेले होते, पण विनिताने त्यांना दहा पावलं लांब थांबवलं होतं. ओवीने खुर्चीची कळ पुढे केली. खडबडीत पत्र्यावर चाकांचा खडखडाट झाला आणि ती आपली आपण खाली उतरली, आपली आपण फाटकातून आत गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. केयूरला तेच हवं होतं.

त्याच संध्याकाळी तो राजेळी केळ्यांचा लोंगर आणि चाफ्याची फुलं घेऊन तुळिंजला गेला. काकांनी आधी नको म्हटलं, मग केळी निरखून ती आणखी दोन दिवसांनी खायला होतील असं सांगितलं. केयूर काउंटरवर हात टेकून म्हणाला, “काका, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्या जागी दुसरा असता तर मला हाकलून दिलं असतं.”

“इथे सगळेच बोलतात,” काका म्हणाले. “इंजिन बोलत नाही, म्हणून मी त्याला विचारतो.”

दुकानात येऊन बसलेल्या यमुनाकाकूंनी मात्र वेगळंच विचारलं. “पट्टी वाचली का?”

“हो काकू, नंबर अगदी लख्ख आलाय.”

काकू नुसतं ‘बरं’ म्हणाल्या आणि चहा ठेवायला घरी गेल्या. त्या जरा हिरमुसल्यासारख्या का झाल्या, ते केयूरला कळलं नाही.

पुढच्या वर्षी काकांनी दुकान बंद केलं आणि दोघं संगमेश्वरला राहायला गेली. ओवी कॉलेजात जायला लागली. संख्याशास्त्र घेतलं तिने. व्हॅन चालत राहिली. परवाच्या हिवाळ्यात ओवीची मैत्रीण अनुष्का हिच्या घरी चांदीपला जाताना मात्र इंजिन तापलं आणि तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. रस्त्याकडेला एक लहान गॅरेज होतं. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि पट्टीवरचं ग्रीस फडक्याने पुसून काढलं.

“थर्मोस्टॅट गेलाय,” तो म्हणाला. “आणि हे कुणी लिहिलंय? देवमाणूस! नाहीतर मी व्हॅनचा मागवून बसलो असतो आणि तुम्ही इथेच मुक्काम केला असता.” तो वाचायला लागला, मोठ्याने, बोट फिरवत. “इंजिन बदललेले आहे. भाग कारचे मागावेत. खाली नंबर आहे. आणि त्याखाली... चिरंजीव ओवीस, पहिला पेपर सोपा जावो. सप्रेम भेट, काका-काकू, तुळिंज.” त्याने मान वर केली. “ओवी कोण?”

केयूर व्हॅनच्या मागच्या दाराशी गेला तर ओवी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. मग ती म्हणाली, “बाबा, हे तिथे दोन वर्षं होतं?”

“मी वाचलंच नाही गं. काकूंनी विचारलं, तर नंबर छान आलाय म्हणून सांगितलं मी त्यांना.”

“फोन लावा.”

केयूरने संगमेश्वरचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडे खूप वेळ घंटा वाजली. मग कुणीतरी उचलला आणि ‘कोण?’ असं तिरसटपणे विचारलं.

“काका, मी ओवी. निर्मळची,” ती म्हणाली. “काकूंना सांगा, पहिला पेपर सोपा गेला होता.”